परवा हिंगोलीला जायचंय

वसमत,
१२ जुलै १९९७

प्रिय दादा,

मागच्या आठवड्यात अण्णांना नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणलं. आईचे दिवस करून तू पुण्याला गेलास तेव्हा ते धड शुद्धीवरही नव्हते. आता चालतात, जेवतात, अंघोळ आपली आपण करतात. डोक्याचे टाके वाळले. बघणाऱ्याला वाटावं, देवळातले पुजारी बंडोपंत होते तसेच आहेत.

पण जे झालंय ते फोनवर सांगता येत नाही. बूथवर मागं माणसं उभी असतात. म्हणून लिहिते.

घरी आले, दारात चपला काढल्या, स्वयंपाकघरात डोकावले आणि मला म्हणाले, "तुझी आई कुठाय गं?"

मला वाटलं होतं, डॉक्टरांनी त्यांना सांगितलं असेल. डॉक्टरांना वाटलं होतं, आपण सांगितलं. मी त्यांना पलंगावर बसवलं आणि सांगितलं. अण्णा, हिंगोलीहून लग्नाहून येताना जीप उलटली. तुम्ही वाचलात. आई जागीच गेली.

दादा, मी अण्णांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. आवाजच निघाला नाही. तोंड उघडं राहिलं आणि हात असा पुढं आला, अंधारात खुंटी चाचपावी तसा. "आणि मी कुठं होतो?" म्हणाले. "मी कसा काय वाचलो?" मग भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मी बाहेर बसून रडले. वाटलं, झालं एकदाचं सांगून.

चहाच्या वेळेला उठले आणि आतूनच आवाज दिला, "अनुसूये, चहा ठेव गं." मी आत गेले तर मला म्हणाले, "आई कुठाय? परवा हिंगोलीला जायचंय लग्नाला, साडी काढली का तिनं?"

मला वाटलं, दुःखानं असं बोलून राहिले. पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच तोंड, तोच हात, तेच दोन प्रश्न. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

परत नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, जुनं सगळं शाबूत आहे. नवं टिकणार नाही. घटकाभर धरून ठेवतील, मग सुटेल. सुधारेल का विचारलं तर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मी काय करू सांग. विचारलं की सांगू, की नको सांगू? तुझा तर अभ्यासाचा विषयच काळ आहे. अण्णांचा काळ कुठं अडकलाय ते बघ जरा.

तुझी,
अपर्णा

*

पुणे,
२५ जुलै १९९७

प्रिय अपू,

तुझं पत्र वाचून मी वसतिगृहाच्या जिन्यातच बसलो.

आधी एकच सांगतो. यापुढं त्यांना सांगू नकोस. कडक वाटेल, पण लिहितो: आईवाचून आपण एकदा पोरके झालो. अण्णांना तू रोज विधुर करतेस. त्यांच्या दृष्टीनं ती बातमी प्रत्येक वेळी पहिलीच असते. काहीतरी कारण सांग आणि वेळ मारून ने.

हे खोटं बोलणं होईल असं तुला वाटेल. मला तसं वाटत नाही, आणि का ते सांगतो. समज, तू वसमतच्या स्टँडवर बाकावर बसली आहेस आणि मी वेगात जाणाऱ्या एखाद्या गाडीत आहे. लांबच्या ताऱ्यावर 'या घडीला' काय चाललंय ते आपण दोघांनी मोजायचं ठरवलं, तर उत्तरं वेगळी येतात. तुझ्या हिशेबानं जे तिथं व्हायचंय, ते माझ्या हिशेबानं होऊन गेलेलं असतं. आणि गणित दोघांचंही बरोबर असतं. म्हणजे साऱ्या विश्वाला मिळून एक 'आत्ता' असा नाहीच. झालेलं, होत असलेलं, व्हायचं असलेलं सगळं एका मोठ्या ठोकळ्यासारखं एकदमच आहे. काही येत नाही, काही जात नाही.

हिंगोलीहून वसमतला येताना औंढा मागं पडतं. म्हणून औंढा नाहीसं होतं का? तसंच आईचं. ती आहे. आपली गाडी पुढं आली इतकंच. अण्णांची गाडी मात्र तिच्याजवळच थांबली आहे. त्यांना तिथून ओढून आणू नकोस.

मी लवकरच येईन. सध्या मार्गदर्शक सोडणार नाहीत.

तुझा,
दादा

*

वसमत,
२० सप्टेंबर १९९७

प्रिय दादा,

तू म्हणालास तसं केलं. विचारलं की सांगते, "आई कुरुंद्याला गेलीय, मामाकडं." ते म्हणतात, "सांगून तरी जायचं माणसानं." आणि गप्प होतात. आईचा हार घातलेला फोटो ट्रंकेत ठेवला. शेजारच्या बेबीबाई मी शाळेत शिकवायला जाते तेव्हा लक्ष ठेवतात, त्यांनाही पढवलं. घरात आता सगळ्यांना एकच वाक्य पाठ आहे.

पूजा त्यांची चुकत नाही. मंत्र, उपचार, सगळं बराबर. फक्त केल्याचं आठवत नाही. एका सकाळी देवाला तीनदा अंघोळ घातली. पंचांनी महिनाभर बघितलं आणि दुसरा पुजारी नेमला. देवळामागच्या दोन खोल्या मात्र आपल्याकडंच राहू दिल्या. अण्णा सोवळं नेसून निघतात आणि गाभाऱ्यात दुसराच माणूस बघून रोज चमकतात.

परवाची गोष्ट. बाजारात कुणी बाई भेटली, तिला काय माहीत? "वहिनी गेल्या, फार वाईट झालं हो," म्हणाली. अण्णा तिथून रडतच निघाले. घर येईपर्यंत ते ऐकलेलं सुटून गेलं होतं. दारात उभे, गालावरून पाणी वाहतंय, आणि मला विचारतात, "अपर्णे, मी काहून रडून राहिलो गं?"

मी काय सांगू? म्हटलं, डोळ्यात कचरा गेला असेल. दिवसभर ते डोळे धूत होते आणि दिवसभर उदास होते. कशाबद्दल ते त्यांना ठाऊक नाही.

तुझं औंढ्याचं उदाहरण मी दोनदा वाचलं. चांगलं आहे. पण दादा, औंढ्याला परत जाता येतं. दर तासाला बस आहे.

दिवाळीला ये. तुझी फार आठवण काढतात.

अपर्णा

*

पुणे,
१८ ऑक्टोबर १९९७

प्रिय अपू,

दिवाळीला येणं जमत नाही. प्रबंधाचं पहिलं प्रकरण द्यायचंय.

परत जाता येत नाही म्हणून ती जागा नाहीच, असं होत नाही. मी या महिन्यात त्याच मुद्द्यावर लिहितोय, आणि खरं सांगू का, लिहिताना अण्णाच डोळ्यांपुढं असतात. काळ वाहतो असं आपल्याला का वाटतं? कारण कालचं आज आठवतं. आठवणींवर आठवणी साचतात आणि त्या साचण्यालाच आपण 'काळ गेला' म्हणतो. माणसाची आठवण काढून घेतली की वाहणं संपलं. अण्णांच्या बाबतीत ते संपलंय. ते लग्नाच्या दोन दिवस आधीच्या घरात आहेत, आई साडी काढतेय, आणि ते तिथंच राहणार. आपल्या सगळ्यांत खरं विश्व जसं आहे तसं बघणारे कदाचित तेच एकटे असतील.

आपल्या भाषेत बघ कसं, 'परवा' म्हणजे होऊन गेलेलाही आणि यायचा असलेलाही.

तू तब्येत सांभाळ. बेबीबाईंना नमस्कार.

दादा

*

वसमत,
१९ जानेवारी १९९८

दादा,

आज मायना वगैरे काही सुचत नाही.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी मी शाळेत होते. बेबीबाई दळण आणायला गेल्या. अण्णांनी आई कुठाय विचारलं असणार, त्यांनी 'अपर्णा म्हणाली, कुरुंद्याला गेल्यात' असं सांगितलं असणार, आणि ते डोक्यात टिकलं तेवढ्यात अण्णा स्टँडवर गेले आणि बसमध्ये बसले. वाटेत विसरले नाहीत, कारण विसरू नये म्हणून तोंडानं "कुरुंदा, अनुसूया, कुरुंदा, अनुसूया" असं म्हणत होते. हे कंडक्टरनं नंतर सांगितलं.

मामाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अनुसूयेला न्यायला आलो. पुष्कळ दिवस झाले की."

मामींच्या हातातलं हळदीचं सूप खाली पडलं. आपण त्यांना काय सांगून ठेवलंय ते मी मामांना कळवलंच नव्हतं रे. माझ्या डोक्यातच आलं नाही. मामा ओरडले, "भाऊजी, असं काय बोलून राहिले? आम्ही तिला जाळून आलो न?" आणि मग सगळं सांगून टाकलं.

अण्णा म्हणाले, "मग अपर्णा खोटं बोलली?" आणि मागच्या दारानं रानात निघून गेले. मामा धावले, पण त्यांचे गुडघे तुला माहीत आहेत.

आमच्या शाळेत राठोड सर आहेत, देविदास राठोड, कुरुंद्याजवळच्या तांड्यावरचे. शनिवारी अर्धी शाळा करून ते घरी चालले होते. त्यांना अण्णा एका विहिरीच्या काठावर दिसले, पाय आत सोडून बसलेले. मागं एकदा त्यांनी शाळेच्या फाटकात आम्हाला बघितलं होतं, म्हणून ओळखलं. त्यांनी हाक मारली नाही, हात धरला नाही. थोडं अंतर ठेवून तेही पाय आत सोडून बसले आणि म्हणाले, "पाणी चांगलं हाय औंदा." राठोड सर पाण्याचं, मोटारीचं, हळद कशी शिजवतात त्याचं काहीबाही बोलत राहिले. ते म्हणाले, "मॅडम, मला फक्त तेवढा वेळ जाऊ द्यायचा होता." शेवटी अण्णांनीच विचारलं, "आपण इथं काहून बसलोत हो?"

मोटरसायकलवर बसवून त्यांनी घरी आणलं. अण्णा उतरले, मला बघितलं आणि दोन पावलं मागं सरकले. म्हणाले, "मला तुझा राग आलाय गं. काहून ते आठवंना."

दादा, मी त्यांच्या पाया पडले. त्यांना वाटलं, आज काही सण आहे. आशीर्वाद दिला.

आता मला एका गोष्टीचं उत्तर हवंय. तुझ्या त्या ठोकळ्यात आई कायमची आहे म्हणतोस. साडी काढतेय म्हणतोस. मग ती जीप उलटतेय, तेही कायमचंच आहे का? आई त्या चाकाखाली आहे, तेही? की तुझ्या गणितात फक्त साड्याच आहेत?

अपर्णा

*

पुणे,
९ जून १९९८

प्रिय अपू,

मे महिन्यात घरी आलो तेव्हा तू तो प्रश्न पुन्हा विचारला नाहीस. मीही काढला नाही. पण उत्तर द्यायला हवं.

हो. तेही आहे. गणित आवडतं आणि नावडतं असं वेगळं काढत नाही. साडी जिथं आहे तिथंच जीपही आहे, त्याच ठोकळ्यात, कायमची. जानेवारीत तुझं पत्र आलं त्या दिवसापर्यंत मी ती बाजू बघितलीच नव्हती. तेव्हापासून प्रबंधाचं एक पान पुढं सरकलेलं नाही. वही उघडली की चाक दिसतं.

अण्णांना भेटून मी जास्तच हादरलो, हे तुला दिसलं असेल. मी अंगणात पाय ठेवला आणि त्यांनी "स्वानंदा!" म्हणून मिठी मारली. तेवढी ओढ मी आयुष्यात बघितली नव्हती. घटकाभरानं मी पाणी पिऊन बाहेर आलो तर पुन्हा, "स्वानंदा! कधी आलास?" आणि तीच मिठी, तेवढीच घट्ट. चार दिवसांत मी किती वेळा घरी आलो कुणास ठाऊक. सुरुवातीला बरं वाटलं. मग भीती वाटायला लागली. त्यांनी "आईला सांगितलंस का?" विचारलं की मी स्वयंपाकघराकडं बघायचो आणि तू आतून ओरडायचीस, "कुरुंद्याला गेलीय!"

तुझा आवाज आता आईसारखा लागतो, हे तुला कुणी सांगितलंय का?

राठोड सरांना माझे आभार सांग. शाळा सुटल्यावर रोज वाकडी वाट करून येतात, अण्णांना फिरवून आणतात, हे फार झालं. आजच्या काळात असे सहकारी मिळत नाहीत. त्यांना काही पुस्तकं हवी असली तर कळव, पुण्याहून पाठवीन.

दादा

*

वसमत,
६ जून १९९९

प्रिय दादा,

पाकिटावर जिल्हा हिंगोली लिहिलंय, बघितलंस का? गेल्या महिन्यात नवा जिल्हा झाला. अण्णांना सांगितलं तर हसले. त्यांचा जिल्हा परभणीच. सांगून काय उपयोग?

पण मला एक गोष्ट सांगायचीच आहे, त्यांना आणि तुलाही. राठोड सर वाकडी वाट अण्णांसाठी करत होते ते पहिले काही महिने. देविदासनं मला विचारलंय आणि मी हो म्हटलंय.

त्याच्या घरी आधी वादळच झालं. त्याचे वडील हरिचंदकाका बोलेनात. आई नानीबाई मला बघून म्हणाल्या, "बामनाची पोरगी तांड्यावर पानी शेंदल का?" मी म्हटलं, शेंदीन. "चार दिस," म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. तो गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याचा सुमार होता. पाऊस लागून गेला, पेरण्या झाल्या. देविदासला ताप आला होता तेव्हा मी तांड्यावर जाऊन बसले. दसऱ्याला नानीबाईंनीच निरोप पाठवला, "ती पोरगी कधी येनार हाय?" काय बदललं? काहीच नाही. दिवस गेले, एवढंच.

मग मी अण्णांना सांगायचं धाडस केलं. मागच्या रविवारी, जेवताना. अण्णांना देविदास आवडतो. त्याचं नाव आठवत नाही, रोज नव्यानं ओळख होते, पण बसा म्हणतात, सुपारी देतात. मला वाटलं होतं, निदान ऐकून घेतील.

दादा, त्यांनी ताट भिरकावलं. वरण भिंतीला लागलं. "तांड्यावरचं पोरगं? देवळाच्या आवारातून तू तांड्यावर जाणार? तुझ्या आईला हे कळलं तर जीव देईल ती!" मी उभीच राहिले. त्यांनी माझ्यावर हात उगारला. माझे अण्णा, ज्यांनी आपल्याला कधी बोटही लावलं नाही. मग दम लागला, खाली बसले, आणि थोड्या वेळानं भिंतीकडं बघून म्हणाले, "हे वरण कुणी सांडलं?"

मी भिंत पुसली. ते विसरले, मी नाही विसरले.

आता बघ. कुणाचाही बाप रागावतो. एक वर्ष जातं, दोन जातात, राग बोथट होतो. आपल्या अण्णांचा राग मात्र कायम पहिल्या दिवसाचाच राहणार. मी उद्या सांगितलं तरी ताट, दहा वर्षांनी सांगितलं तरी ताट. तूच लिहिलं होतंस न, त्यांचा काळ थांबलाय म्हणून? मग मी कुणाच्या मन वळण्याची वाट बघू? की चोरून लग्न करू आणि त्यांच्यापुढं जन्मभर कुमारिका म्हणून वावरू?

तुला काय वाटतं ते साफ लिही. तुझाही राग आला तरी चालेल. तुझा राग जुना तरी होईल.

अपर्णा

*

पुणे,
२ जुलै १९९९

प्रिय अपू,

तुझं पत्र वाचून मला धक्का बसला. मी इतका आंधळा कसा? राठोड सरांना पुस्तकं पाठवायला निघालो होतो!

राग आला का, तर हो, थोडा वेळ आला. तू सांगितलं नाहीस म्हणून. तो तांड्यावरचा म्हणूनही आला का, हे मी स्वतःला विचारलं आणि उत्तर मला आवडलं नाही. पण तो विहिरीच्या काठावर बसलेला माणूस आहे. मी त्या दिवशी पुण्यात एक प्रकरण पुरं करत होतो.

मग तुला पत्र लिहायला बसलो आणि पहिलं वाक्य लिहिलं: 'अपू, घाई करू नकोस, थोडा काळ जाऊ दे.' ते वाक्य बघून मी पेन खाली ठेवलं. काळ जाऊ दे! दोन वर्षं मी तुला काळ जात नाही म्हणून पत्रं लिहितोय, आणि घरचं संकट आल्याबरोबर हातातून हेच निघालं. मी तो कागद फाडला नाही. टेबलावर ठेवलाय.

लग्न कर. अण्णांना सांगायचं की नाही ते तू ठरव, मी पूर्वी एकदा सल्ला दिला होता आणि त्यातून काय झालं ते आपण बघितलं. तारीख कळव. साक्षीदार म्हणून सही करायला मी येतो.

दादा

*

वसमत,
१७ डिसेंबर २०००

प्रिय दादा,

तू सही करून गेलास त्याला आता वर्ष झालं. देविदास आणि मी देवळाच्या बोळातच खोली घेतली, ते तू बघितलंच. सकाळ-संध्याकाळ मी अण्णांजवळ असते.

तुला कळवलं नव्हतं, पण मी त्यांना सांगायचं सोडलं नाही. रोज नाही. मला झेपेल त्या दिवशी. ताट हातात नसताना. "अण्णा, माझं लग्न झालंय, देविदासशी." ते भडकायचे. तेच शब्द, तेच 'तुझ्या आईला हे कळलं तर'. पण मधेच कधीतरी मला वाटायला लागलं की भडकणं लवकर आटपतंय. मग एकदा नुसतं "हं" म्हणाले आणि तोंड फिरवलं. मी देविदासला सांगितलं, त्यानं मला वेड्यात काढलं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, आठवण काही सुधारलेली नाही, तुमच्या मनाचे खेळ आहेत. मलाही ते पटलं. आणि आई कुठाय हा प्रश्न हल्ली क्वचित यायचा, तेही मी मनावर घेतलं नाही. वाटलं, वय झालं.

काल दुपारी मी पोळ्या करत होते. देविदास शाळेतून आला. अण्णा ओट्यावर ऊन खात बसलेले. त्याला बघून नेहमीसारखं विचारलं, "कोण आपण?"

"देविदास. अपर्णाचा नवरा."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. तो असं कधी म्हणत नाही, नाव सांगून गप्प राहतो. काल कसं निघालं त्यालाही माहीत नाही.

अण्णांनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग जरा सरकून जागा केली आणि म्हणाले, "बसा. आमची अनुसूया असती तर तुम्हाला चहा केला असता."

दादा, असती तर म्हणाले. असती तर.

मी पिठाच्या हातानं बाहेर आले. म्हटलं, "अण्णा, आई कुठाय?" साडेतीन वर्षं त्यांनी मला विचारलेला प्रश्न मी त्यांना विचारला.

ते माझ्याकडं असे बघायला लागले की जसं मलाच काहीतरी झालंय. हळू आवाजात म्हणाले, "ती न्हाई न गं आता."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी सांगायला पाहिजे व्हय?"

तोंड उघडं राहिलं नाही. हात पुढं आला नाही. कधी गेली विचारलं तर सांगता येईना. जीप ठाऊक नाही, हिंगोली ठाऊक नाही. "झाले की पुष्कळ दिवस," एवढंच म्हणाले. आणि मीच रडायला लागले तर माझ्या डोक्यावर हात ठेवून बसले. आईच्या मागं त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायची ही पहिली वेळ.

देविदासनं चहा केला. तो घेताना त्यांनी मला हळूच विचारलं, "हा मुलगा कोण? भला दिसतो."

आज सकाळी मी भीत भीत पुन्हा विचारलं. आई कुठाय? तेच उत्तर. न्हाई न गं आता.

हे कुठून आलं, दादा? कालचं वरण आठवत नाही, चहा घेतलेला आठवत नाही. मग हे कुठं साचत होतं इतके दिवस? मला कुणी थोबाडीत मारावी तसं झालंय. मी काल रात्री जेवले नाही, आणि मला आनंद झालाय की काय झालंय ते कळेना.

फोटो ट्रंकेतून काढू का?

अपर्णा

*

पुणे,
२३ डिसेंबर २०००

प्रिय अपू,

पत्र तीनदा वाचलं. मग मार्गदर्शकांकडं गेलो आणि त्यांना त्यातला तेवढा भाग वाचून दाखवला. ते म्हणाले, यानं तुमच्या गणितात काही फरक पडत नाही. बरोबर आहे त्यांचं, एका ओळीतही पडत नाही. पण 'आठवण काढून घेतली की वाहणं संपलं' असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं, अण्णांना पुढं ठेवून लिहिलं होतं, आणि ते माझ्या पायाखालून निघून गेलं. त्या जागी काय लिहायचं ते मला माहीत नाही. आज तरी काही लिहिणार नाही.

आई गेल्यापासून मी तिच्याबद्दल कुणाशी बोललेलो नाही. तुझ्याशी बोललो ते ठोकळ्याबद्दल. अण्णांसमोर तिचं नाव काढायची सोय नव्हती. आपल्या घरात आई गेली होती आणि गेली नव्हती, आणि दोन्हीकडून तोंड बंद.

मी उद्याच्या गाडीनं निघतोय. या वेळी परतीचं तिकीट काढलेलं नाही. अण्णा मला बघून पुन्हा पुन्हा मिठी मारतील, मारू देत. मला त्यांच्याशेजारी ओट्यावर बसायचंय आणि म्हणायचंय, अण्णा, आईची फार आठवण येते. ते घटकाभरानं विसरले तर मी पुन्हा म्हणेन.

फोटो काढ. पण लावू नकोस. आम्ही दोघं लावू.

दादा